न उमटलेला अंगठा

रेशनच्या दुकानात आज पुन्हा माझा अंगठा उमटला नाही, आणि शाहूपुरीतलं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आठवलं. तिथं मी सकाळी सातला, ऑफिस उघडायच्या दोन तास आधी, फरशी पुसायची. हजेरीचं यंत्र आलं, पण माझी झिजलेली बोटं ते घेईना. नवे साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही येताय हे बघितलंय कुणी? नायतर उद्यापासून बंद." बिलं करणारी पोरगी उठली. "मी बघते की रोज सातला. आम्हाला चहा देतात त्या." "आम्हाला म्हंजे?" कोपऱ्यातला कारकून उभा राहिला, कान लाल. "मी बी असतोय, साहेब." सगळं ऑफिस हसलं. वर्षभर मी झाकलेलं त्यांचं चोरून भेटणं त्यांनीच माझ्या नोकरीसाठी उघडं केलं. नोकरी राहिली. मी आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहात आलं जास्त घातलं. राहिलेले आभार आज लिहिते.