गलबतातला तांदूळ

कचेरीत जाताना रत्नागिरीच्या बंदरावर तो दलाल रोज दिसायचा, आणि दिसला की माझं डोकं उठायचं. काळी टोपी, खांद्यावर पंचा. रंगूनच्या तांदळाचं गलबत लांब ठिपक्याएवढं दिसलं, की हा पंच्याखाली व्यापाऱ्यांची बोटं दाबून खुणेनंच भाव ठरवायचा आणि सौदे करायचा. गलबत किनाऱ्याला लागेपर्यंत तोच तांदूळ चौघांच्या हातांतून फिरून महागलेला असायचा.

एकदा वैतागून विचारलं, "अहो, तांदूळ बघितलात तरी का?"

"बघून काय करू? मला कुठं शिजवायचाय?"

त्याच संध्याकाळी वाण्याकडे गेलो, तर हा पिशवी घेऊन माझ्यापुढे उभा. भाव ऐकून माझ्याकडे वळला.

"बघितलंत? ह्या मेल्यान सकाळपासून केवढा भाव वाढवलान. आपल्यासारख्यांनी खायचं काय?"