पऱ्हाटीतली तिसरी परी

माझी माय एका सिनेमात परी होती. हे वाक्य मी आयुष्यात दोनदा चारचौघांत बोलले आणि दोन्ही वेळा लोक हसले. पहिल्यांदा मी पाचवीत होते, तेव्हा रडत घरी आले. दुसऱ्यांदा पन्नाशीला टेकले होते आणि पंचवीस वर्षं आर्वी डेपोच्या गाड्यांवर कंडक्टरकी केलेली होती. एवढी वर्षं भरल्या गाडीत "मागे सरका" ओरडलेली बाई कुणाच्या हसण्याला भीत नाही.

सिनेमाचं नाव घेत नाही. उडता घोडा, आरशात कोंडलेली राजकन्या, ढगांवरचं परीराज्य, असा तो सिनेमा. आमच्या वयाच्या माणसांनी रविवारी दुपारी टीव्हीवर दोन-चारदा तरी पाहिलेला असेल. माझ्या जन्माच्या आधीच्या हंगामात त्यातलं परीराज्य वडनेरच्या एका वावरात उभं राहिलं होतं. डायरेक्टरला ढग हवे होते. मुंबईत स्टुडिओत कापूस पसरून पाहिला, तर तो गादी उसवल्यासारखा दिसे. मग त्याला कुणीतरी सांगितलं की वर्ध्याकडे कापूस फुटला की वावरच पांढरं होतं, जाऊन बघा. तो आला, त्यानं बघितलं आणि वावराच्या मालकाला म्हणाला, पंधरा दिवस वेचणी थांबवा.

लहानपणी माय हे सगळं रंगवून सांगायची. धुकं म्हणजे गोवऱ्यांचा आणि लोबानाचा धूर. पऱ्यांचे पंख म्हणजे तारेवर ताणलेली मच्छरदाणीची जाळी. मुकुट तुपाच्या डब्याच्या पत्र्याचे, आतून चिंधी लावलेले, तरी कान कापायचे. पांढरा घोडा मिळाला नाही म्हणून पुलगावहून टांग्याचा तांबडा घोडा आणला आणि त्याला खडू फासला. घोड्याला घाम आला की खडूचे ओघळ यायचे आणि सगळं काम थांबायचं. हे सांगताना माय इतकी हसायची की तिला पदर तोंडाशी धरावा लागे.

मुंबईहून आलेल्या पऱ्या नाजूक होत्या. कापसाच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात आणि खाली काळ्या मातीच्या भेगा. अनवाणी चार पावलं टाकून त्या मुली रडायला लागल्या. मग डायरेक्टरनं ठरवलं की चेहरे त्या मुलींचे घ्यायचे आणि पऱ्हाटीतून चालत जाताना पाठमोऱ्या दाखवायच्या त्या वेचणाऱ्या बाया. सात बाया निवडल्या. डावीकडून तिसरी माझी माय, वय वर्षं वीस.

"चाला म्हने, खाली पाहू नका, वावरातून नाई, हवेतून चालल्यासारख्या चाला," माय सांगायची. "आता पंधरा दिवसांपासून कापूस झाडावर लोंबून राह्यला होता. खाली गळून राह्यला होता. आमच्या जिवाची काय दशा! मी चालून राह्यली परीसारखी, अन् माया हात गेला. बोंड दिसलं अन् हात गेला. वेचला कापूस अन् खोसला कमरेले."

डायरेक्टर केवढ्यानं ओरडला म्हणे! कॅमेऱ्यातली फिल्म संपत आली होती आणि ऊनही उतरलं होतं. पुन्हा घेता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सामान गुंडाळून गेले. सिनेमा दोन-तीन वर्षांनी आला, तो नागपूरला लागला. वेचणाऱ्या बायांपैकी नागपूरला सिनेमा बघायला जाते कोण? सातजणींतली एकही गेली नाही.

मी पाचवीत असताना शाळेत बालदिनाला टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला आणि नेमका हाच सिनेमा लावला. मी आठवडाभर आधीपासून वर्गात मिरवत होते. माझी माय त्यात परी आहे, डावीकडून तिसरी. वर्गातले पोट्टे-पोट्ट्या डोळे ताणून बसले. कॅसेट इतकी घासलेली की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. त्यात धूर. त्यात सात पांढरे ठिपके हलले आणि गेले. मी मायचं तोंड शोधत होते. पाठमोऱ्या माणसाला तोंड नसतं, एवढी अक्कल दहा वर्षांच्या पोरीला कुठून येणार? सगळा वर्ग हसला. नंतर दोन वर्षं मला शाळेत 'परीची पोट्टी' म्हणत.

त्या दिवशी घरी येऊन मी दप्तर फेकलं आणि मायला म्हणाले, "तू नाई त्याच्यात. मी पाह्यलं. तू खोटी बोलते."

माय भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली. त्या दिवसापासून तिनं त्या सिनेमाचा शब्द काढला नाही. टीव्हीवर तो लागला की उठून अंगणात जायची. गोवऱ्यांचा धूर, खडूचा घोडा, सगळं बंद झालं. मी मोठी झाले, मला शहाणपण आलं, तसं मला कळलं की मी मायला खोटी ठरवलं आणि तिनं ते मनावर घेतलं. पण त्यावर बोलायचं कसं, हे कळलं नाही. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. चहा जरा गोड करून द्यायचा, झाली माफी. तसे मी हजार चहा केले असतील.

मागच्या वर्षी डेपोत जेवणाच्या सुट्टीत मोबाइल बघत बसले होते. 'त्या अजरामर सिनेमाच्या पडद्यामागच्या दहा गोष्टी', असा एक व्हिडिओ समोर आला. आठवी गोष्ट अशी होती: परीराज्यातली तिसरी परी चालता चालता ढगाचा तुकडा तोडते आणि कमरेला खोसते. सांगणाऱ्याचा आवाज भरून आला होता. डायरेक्टरनं म्हणे या एका हालचालीवर महिनोन्महिने विचार केला होता. स्वर्गातसुद्धा माणसाला साठवून ठेवायचा मोह सुटत नाही, असा त्याचा अर्थ. थोर, थोर, असं खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं.

माझा घास तोंडात तसाच राहिला. आधी आनंद झाला, मग डोकं सणकलं. महिनोन्महिने विचार! ज्या हालचालीवरून माझ्या मायनं शिव्या खाल्ल्या, तिचं श्रेय शिव्या देणाऱ्याला! मी तिथंच लिहिलं, 'तो डायरेक्टरचा विचार नव्हता, ती माझी माय आहे, वडनेरची.' अर्ध्या तासात उत्तरं आली. हसणारी तोंडं. एकानं लिहिलं, 'मग आम्ही राक्षसाचे नातू.'

घरी येऊन मायसमोर मोबाइल धरला. तिनं हात मध्ये घातला. "ठेव ते. मले नाई पाह्यचं."

"अवं माय, तू आहे त्याच्यात."

"ठेव म्हटलं ना."

तिचा राग अजून गेला नाही, असं मला वाटलं. तिथंच मी ठरवलं. ज्या तोंडानं मी तिला खोटी म्हटलं, त्याच तोंडानं चारचौघांत तिला खरी म्हणायचं. लोक हसोत, नाहीतर उठून जावोत.

संधी आपल्या पायानं चालत आली. त्या सिनेमाची जुनी फिल्म कुणीतरी साफसूफ करून नवी केली होती आणि ती वर्ध्याला एका सभागृहात दाखवणार होते. आधी त्या दहा गोष्टींच्या व्हिडिओत बोलणाऱ्या अभ्यासकाचं भाषण, मग सिनेमा. मी ड्यूटी बदलून घेतली. माय काही केल्या तयार होईना. गुडघे दुखतात, ऊन आहे, लोक हसतीन. मी म्हणाले, तू नाई आली तं मी जेवत नाई. ती म्हणाली, "नको जेवू." खरंच वाढलं नाही. दोन दिवस मी डेपोत जेवले आणि घरी तोंड पाडून बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माय इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी.

"चाल. पन मी कोनाशी बोलनार नाई."

अभ्यासक तरुण होता, साधा, बोलायला गोड. राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं, त्यामुळे मला जास्तच अडचण झाली. त्याच दहा गोष्टी सांगत तो आठव्या गोष्टीवर आला तसा मी हात वर केला. कुणी माइक आणेपर्यंत थांबायची मला सवय नाही.

"सर, तो विचार कुणाचाच नव्हता. ती कापूस वेचणारी बाई होती. तिचा हात आपोआप गेला. ती माझी माय आहे, ही इथं बसली आहे."

लोक हसले. तसंच, शाळेतल्यासारखंच. मायनं माझा पदर धरून खाली ओढलं. मी बसले नाही. अभ्यासक हसला नाही. म्हणाला, "ताई, पण हे आपण कशावरून म्हणता?"

आता आली का पंचाईत! माझ्याजवळ होतं काय? एक आठवण, तीही दुसऱ्याची. मी मायकडे पाहिलं. "सांग त्याइले. तू काय केलं तव्हा, सगळं सांग."

माय खाली मान घालून बसली. मला वाटलं, गेलं सगळं. मग ती बसल्या जागेवरून, कुणाकडेच न बघता बोलली. "कापूस वेचला का त्याले पत्ती चिकटून येते. वाळल्या पानाचा चुरा. पत्ती तशीच ठेवली का अख्खा कापूस खराब होते. मी अंगठ्यानं पत्ती काढली, फेकली, अन् मंग खोसला. तव्हाच तो मानूस वरडला."

अभ्यासक म्हणाला, "पत्तीचं कुठंच लिहिलेलं नाही. मीही कधी पाहिलं नाही." त्यानं लॅपटॉपवर तो तुकडा काढला आणि पडद्यावर अगदी हळू लावला.

नव्या फिल्मवर मुंग्या नव्हत्या. धुरातून सातजणी चालल्या होत्या. सहाजणी सरळ. तिसरीचा हात खाली गेला, पाची बोटं बोंडावर बसली, एका पिळ्यात कापूस निघाला आणि मागे बोंडाचं रिकामं टरफल राहिलं. मग हात वर आला. अंगठा हलला. बारीकसा काळा ठिपका उडून खाली पडला. मग हात कमरेला गेला. एक परी ढगाला चिकटलेली पत्ती काढत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अभ्यासकानंही वाजवल्या, मग माणूस प्रामाणिक म्हणून म्हणाला, "ही वेचणारी बाई होती, हे मला पटलं. ती ह्याच आजी होत्या, हे मात्र सिद्ध करता येणार नाही." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आणि ते छापण्यासारखं नव्हतं. पण मी मायकडे पाहिलं आणि ते गिळलं.

माय टाळ्या ऐकत नव्हती. अभ्यासकाचं बोलणंही तिनं ऐकलं नव्हतं. पडदा केव्हाच पांढरा झाला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

मी बसले. तिच्या कानाशी म्हणाले, "माय, मी तुले खोटी म्हटलं होतं. तू चाळीस वर्षं मनात धरलं."

ती वळली. तिला खरंच कळलं नाही मी काय म्हणते आहे ते. "खोटी? ते तं लेकरं म्हनतेच."

"मंग बोलनं काऊन बंद केलं?"

"तू म्हटलं ना, तू नाई त्याच्यात, मी पाह्यलं. मले वाटलं, माया हात गेला म्हनून त्यानं मले काढून टाकलं. सहाच ठेवल्या. चूक तं मायीच होती." मग परत पडद्याकडे बघत ती म्हणाली, "आमच्यातलं शिकलेलं कोन होतं? तूच. सिनेमा पाह्यलेलं कोन? तूच. मी तुयावर भरोसा ठेवला."

म्हणजे तिनं मला खोटं बोलणारी मानलंच नव्हतं. मी तिला खोटी मानलं, आणि तिनं मला खरी मानलं. चाळीस वर्षं ती माझ्यावर रागावलेली नव्हती, त्या सिनेमाला लाजत होती. चुकीपायी काढून टाकलेली बाई म्हणून अंगणात जाऊन उभी राहत होती, आणि ते काढून टाकणं मी, माझ्या दहा वर्षांच्या तोंडानं, केलं होतं.

मायनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुन्हा दाखवतीन का तो?"

अभ्यासक नवव्या गोष्टीवर गेला होता. मी उठले, दोन रांगांमधून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, पुन्हा लावा. तो म्हणाला, ताई, थोड्या वेळानं पूर्ण सिनेमाच दाखवणार आहोत. मी म्हणाले, थोड्या वेळानं नाही, आत्ता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लावला. मग आणखी एकदा लावला. सगळं सभागृह खोळंबलं होतं, खोळंबू दे. माझ्या मायनं आजवर स्वतःला एकदाच पाहिलं होतं.