नानांच्या पुड्या

आमच्या शेजारच्या नानांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट तपासून पाहिल्याशिवाय मानली नाही. स्वतःचा वाढदिवससुद्धा ते "शाळेच्या दाखल्यानुसार" असं म्हणूनच सांगत. जळगावातल्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण प्रयोगांची खोड काही निवृत्त झाली नाही. नशिराबादजवळच्या मळ्यात एकदा त्यांनी भरीत पार्टी दिली. निम्मी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, निम्मी गॅसवर. आमच्या डोळ्यांना रुमाल बांधून ते एकेक घास भरवत होते. आता यजमानाच्या भरताला गॅसवरचं म्हणायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक घासाला "काड्यांवरचं!" म्हणालो. नाना भडकले, "तुम्हनी जीभ कधीच खरं सांगाव नही!"

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांनी स्मरणशक्तीचं चूर्ण तपासायला घेतलं. बोदवडच्या वैद्यांकडचं ब्राह्मीचं चूर्ण. गल्लीतले आम्ही दहा धडधाकट लोक निवडले. तक्रार एवढीच, की चष्मा सापडत नाही, नावं आठवत नाहीत. पाच जणांना चूर्ण, पाच जणांना तसंच दिसणारं कडवट पीठ. कोणाला काय, हे नानांनाही कळू नये म्हणून पुड्या अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बांधल्या आणि यादी स्वतःजवळ ठेवली. दर रविवारी नाना वीस शब्द वाचत आणि आम्ही ते पाठ म्हणायचो. बदल्यात आमच्या पुढ्यात शेवभाजी यायची. मी पुड्या तुळशीत ओतत होतो आणि शब्द तळहातावर लिहीत होतो. एकोणीस म्हणायचो, एक मुद्दाम चुकवायचो, खरं वाटावं म्हणून.

"भाऊ, खरंच याद ऱ्हास का?"

"बठ्ठं याद ऱ्हास, नाना!" सगळं लक्षात राहतं, असं मी ठोकून द्यायचो.

दहाच्या दहा जण सुधारले. एखाद्या पोराने वहीत असा निकाल लिहिला असता तर नानांनी वही फेकून दिली असती. पण यादी उघडायची वेळ आली, आणि ती कुठे ठेवली हे अक्कांना आठवेना. तेव्हा मला उमगलं, हा सगळा खटाटोप कोणासाठी होता. त्यांच्या धुळ्याच्या मुलीने अक्कांसाठी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. नानांनी ती रद्द केली आणि आमच्या भरवशावर अक्कांना चूर्ण सुरू केलं. वर्ष गेलं. मग डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं.

यादी पुढे बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात सापडली. नानांनी मला बोलावून दाखवली. माझ्या नावापुढे 'पीठ' लिहिलं होतं. ते पीठही मी खाल्लं नव्हतं, हे सांगायला माझी जीभ रेटेना. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या.

"हाऊ कोन शे?"

"हाऊ?" नाना यादीची घडी घालत म्हणाले, "आपला शेजारना भाऊ. याले बठ्ठं याद ऱ्हास."

त्या आवाजात टोमणा असता, तर मला सोपं गेलं असतं.