लोकर गिरणीचा संघ, १९१२

त्र्यंबक पेंढरकर हा इतका साधा गृहस्थ होता की आमच्या मंडळाला इतक्या वर्षांत त्याची आठवण एकदाच झाली, आणि तीही झाली नसती तर बरे झाले असते. न्यू जर्सीतली मराठी मंडळी फार प्रेमळ, असे आमच्याविषयी बाहेर बोलले जाते. असतीलही. प्रेमळ माणसांनी किती नासधूस करावी याला मात्र काही मर्यादा असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुलांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन होता. मूळचा सोलापूरचा. क्रिकेट त्याला बेताचेच कळे, आणि बेसबॉलचा सामना तर त्याने मैदानावर जाऊन कधी पाहिलाही नव्हता. तरी त्याच्या तळघरात बेसबॉलच्या जुन्या संघांची छायाचित्रे खोकी भरभरून होती. नामांकित संघांची नव्हेत. शतकाच्या आरंभी इथल्या गिरण्यांनी, दारूच्या भट्ट्यांनी, रेल्वेच्या यार्डांनी आपापल्या कामगारांचे संघ उभे केले होते, त्यांची. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो. मागे हाताची घडी घालून उभी असलेली रांग, पुढे मांडी घातलेली रांग, जमिनीवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन बॅटी, फ्लॅनेलच्या सदऱ्यावर गिरणीचे आद्याक्षर. शनिवारी सकाळी तो जुन्या बाजारांतून आणि गराज सेलमधून हिंडे. विक्रेते त्याला मोठ्या खेळाडूंची कार्डे दाखवू लागत. "यांना सगळेच ओळखतात, माझी काय गरज?" असे म्हणून तो पुढे जाई.

फोटोतल्या माणसांची नावे शोधणे हा त्याचा खरा उद्योग. त्यासाठी तो त्या त्या गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांची दारे वाजवी. कोणी घरचा फोटो विश्वासाने दिला, तर तळघरात दोन दिव्यांच्या उजेडात कॅमेऱ्याने त्याची प्रत काढून मूळ फोटो परत करण्याचा त्याचा शिरस्ता होता. त्याच्या मुलीला, लतिकाला, हे सारे चमत्कारिक वाटे.

"बाबा, दे आर नॉट इव्हन रिलेटेड टू अस."

"म्हणूनच तर ओळख करून घ्यावी लागते," तो म्हणे, आणि ती डोळे फिरवून जिन्याने वर निघून जाई.

पॅसेइक गावातल्या मिस अ‍ॅग्नेस नोव्हाक यांचे दार त्याने असेच वाजवले होते. बाईंनी नव्वदी ओलांडलेली. त्यांच्याकडे लोकर गिरणीच्या संघाचा १९१२ सालचा फोटो होता. त्यात त्यांचा थोरला भाऊ जोसेफ होता, जो पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. जोसेफचे दुसरे कोणतेही चित्र नव्हते. कित्येक रविवार त्र्यंबक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून फोटो नुसता पाहून परत आला. अखेर १९८६च्या सप्टेंबरात बाईंनी तो टॉवेलात गुंडाळून त्याच्या हाती दिला. "दोन रविवारांत परत आणा," त्या म्हणाल्या. "भिंत रिकामी असली की मला झोप येत नाही." हे त्याने मला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता.

नेमक्या त्याच आठवड्यात मंडळाचा गणेशोत्सव आला.

सजावटीच्या प्रमुख सुलेखाताई. विषय ठरला, 'बाप्पा बेसबॉलच्या मैदानात', म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांना गोडी वाटेल. त्र्यंबककडे फोटो आहेत हे कोणाला तरी आठवले. आपल्या माणसांनी आपली चीज मागितली याचा त्याला एवढा आनंद झाला की त्याने स्वतः खोके भरून दिले, मराठीत नावांच्या पट्ट्या लिहून दिल्या आणि काचेखाली टेबलावर मांडा असे दोनदा सांगितले. त्या खोक्यात सगळ्या प्रती होत्या. मिस नोव्हाकांचा मूळ फोटो प्रत काढण्यासाठी तळघरातच कॅमेऱ्याखाली, टॉवेलात गुंडाळून ठेवला होता.

शुक्रवारी तो कामावर असताना सुलेखाताई घरी त्याच्या पत्नीकडे आल्या.

"सुलभावहिनी, फोटो सुपर्ब आहेत हो, पण क्राउड कमी पडतोय. अजून थोडे द्या ना!"

"हे आले की विचारते."

"अहो, बाप्पाचं काम आहे, त्यात विचारायचं काय? रविवारी रिटर्न करते की!"

गणपतीच्या कामाला नाही म्हणायचे नसते, हे सुलभावहिनींच्या हाडात मुरलेले. त्या तळघरात उतरल्या आणि समोर दिसले ते फोटो, टॉवेलासकट, त्यांनी वर आणून दिले. त्र्यंबकला कळवले संध्याकाळी. त्याने सुलेखाताईंना फोन केला, तर त्या शाळेच्या जिममध्ये मखर उभारण्यात गुंतलेल्या, फोन घरच्या आन्सरिंग मशीनवर गेला. शनिवारी सकाळी तो जिममध्ये पोहोचला तेव्हा आरती नुकतीच सुरू झाली होती.

थर्मोकोलचे पांढरे मैदान. मधोमध बाप्पा. आणि सभोवार हिरव्या कागदावर उभी असलेली माणसे, प्रत्येक फोटोतून कात्रीने कडेकडेने कापून काढलेली, पाठीला टूथपिक चिकटवलेली. दुसऱ्या रांगेत जोसेफ नोव्हाक होता. त्याच्या टोपीवर कोणीतरी हौसेने कुंकवाचे बोट लावले होते.

आरती चालू असताना कोणी ओरडत नाही. त्र्यंबकही ओरडला नाही. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली, मग विठोबाची. आमच्याकडे एकही आरती गाळत नाहीत. तो टाळ्या वाजवीत उभा राहिला, कारण हातांना दुसरे काही करता येत नव्हते. मी त्याच्या शेजारी होतो. त्याची टाळी तालात पडत होती, याचीच मला भीती वाटली.

मंत्रपुष्पांजली संपताच मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर संजीव पुढे आले.

"पेंढरकर, तुमची टीम एकदम हिट आहे यार!"

"हे कापले कोणी?"

"मुलांनी!" सुलेखाताई कौतुकाने म्हणाल्या. "दोन तास हूं की चूं नाही. इतकी रमली होती!"

"टॉवेलातला मूळ फोटो होता."

"अय्या, मग निगेटिव्ह असेल ना?"

"१९१२ सालची?"

"चुकलंच हो," संजीव म्हणाले, "पुढच्या वर्षी आधी झेरॉक्स काढू. पण पेंढरकर, इतकं मनाला लावून घेऊ नका. आपले कोणी आहेत का हे?"

उत्तर दिले ते लतिकाने, सगळ्या काका-काकूंच्या देखत. "यू कट देम? दीज आर रिअल पीपल! व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?"

उरलेले तुकडे कचऱ्याच्या पिशव्यांत होते, आणि पिशव्या शाळेच्या सफाई कामगाराने पहाटेच गाडीत चढवल्या होत्या. लोकर गिरणीच्या संघातले निम्मे खेळाडू मैदानावर सापडले. "कडेच्यांवर पाण्याचे डाग होते, त्यांना नाही घेतलं," सुलेखाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे आता भरले होते. खोटे का सांगू, ते अश्रू खरे होते. त्यामुळे माझा राग काही कमी झाला नाही.

रविवारी मीच गाडी काढली आणि त्र्यंबकला घेऊन पॅसेइकला निघालो. मिस नोव्हाकांनी दार उघडले, आम्हाला स्वयंपाकघरात बसवले, चष्मा पुसून घातला. त्याने जोसेफ टेबलावर ठेवला. कुंकू त्याने रात्रभर ओल्या कापसाने टिपले होते, तरी टोपी लालसर राहिली होती. तो सगळे सांगत गेला, काहीही न लपवता. पत्नीचे नाव मात्र त्याने घेतले नाही. फोटो मी दिला, असे म्हणाला.

बाई भावाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. जोसेफच्या खांद्यावर एक हात होता, मनगटापाशी कापलेला. त्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हा कुठे आहे?"

"कडेला उभा होता तो? मिळाला नाही. मी जोसेफला शोधत होतो. तुम्ही म्हणाला होतात..."

"हो, मी जोसेफच म्हणाले होते." त्यांचे बोट तिथेच होते. "जोसेफ माझा भाऊ. त्याचं तोंड मला पाठ आहे, आरशात पाहिलं तरी दिसतं. हा स्टॅनली. हा युद्धावरून परत आला असता तर मी इथे मिस नोव्हाक म्हणून बसले नसते."

त्र्यंबकने त्या कापलेल्या मनगटाकडे पुन्हा पाहिले.

"त्याचा चेहरा कसा होता, सांगता?" त्यांनी विचारले. "तुम्ही तो फोटो भिंगाखाली पाहायचात. माझी नजर अधू झाली त्याला दहा वर्षं झाली. त्याच्या चेहऱ्याच्या जागी मला आता नुसता ठिपका दिसायचा."

आणि त्र्यंबक पेंढरकर, ज्याने त्या फोटोतला प्रत्येक माणूस भिंगाखाली घेतला होता, तो सांगू लागला. भुवया दाट. हनुवटीला खळगा. टोपी जरा डावीकडे झुकलेली. तो सांगत होता आणि बाई मान डोलवीत होत्या. मग तो अडखळला. ओठ कसे होते, हसत होता की नाही, हे त्याला आठवेना. पाण्याचा डाग नेमका तिथेच होता.

"हसत होता," तो शेवटी म्हणाला.

"नाही," मिस नोव्हाक म्हणाल्या. "त्याचे पुढचे दोन दात पडले होते. फोटोत तो कधीच हसायचा नाही."