कोंबड्याच्या मानेची पिसं

उन्हाळ्यात काश्मीरला जायचं ठरलं होतं. पाठीवर तंबू घेऊन डोंगरातल्या तळ्यांपर्यंत चालायचं आणि तिथं ट्राउट मासे धरायचे. त्यांच्यासाठी गळाला पिसांची नकली माशी लावतात. ती स्वतः बांधायची हौस, म्हणून पेठेतल्या चिकनवाल्या चाचांकडं कोंबड्याच्या मानेची पिसं मागितली आणि कशाला हवीत तेही सांगितलं.

त्यांनी सुरी ठोकळ्यावर ठेवली. "आन् मासं धरून काय करणार?"

"सोडून देणार."

"सोडायचंच हाय तर एवढा डोंगर कशाला चढताय पावणं?" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले, की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. कोंबड्या कापणाऱ्याला यातलं काय कळणार, असं मनात म्हणत मी पाठ फिरवली.

"रविवारी या," मागून हाक आली. "आजऱ्याचा गावठी कोंबडा येतोय."

रविवारी गेलो, तर पिसं धुऊन, वाळवून, लांबीप्रमाणं लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चाचांनी आधी हात धुतले, मग पुडी दिली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"मासा धरायच्या आधी हात पाण्यात बुडवा. सुक्या हातानं त्येच्या अंगावरचं बुळबुळीत निघतंय, मग सोडला तरी जगत न्हाय. बारकं मासं आई पंचगंगेत परत सोडायला लावायची. तिनंच शिकवलं."

घरी येऊन सामानाची यादी काढली. तंबू, स्टोव्ह, गळ, दोऱ्या, सगळ्यांपुढं खुणा झाल्या होत्या. सगळ्यात वर थोडी जागा होती. तिथं लिहिलं: हात ओले करणे.