दसऱ्याला दांडा उचलला

माझी छाती दोन बोटं कमी भरत होती. पोलीस भरतीत ती आधी साधी मोजायचे, मग श्वास भरून. दोन्ही वेळा मी कमीच. पुढल्या वर्षी वय उलटणार होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते याच भरतीत.

जोगेश्वरीच्या आमच्या पत्र्याच्या व्यायामशाळेत छातीचं मशीन होतं. आम्हाला शिकवणारे उस्ताद कारखान्यात फिटर. त्यांनीच ते जुळवलेलं. झोपायला फळी, दोन्ही बाजूंना उभ्या लोखंडी खाचा आणि त्यांतून वर-खाली सरकणारा वजनांचा दांडा. फळीवर उताणं पडून तो छातीवरून वर ढकलायचा. दांडा जराही कलंडत नाही, याचं उस्तादांना भारी कौतुक.

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचे हार, आणि संध्याकाळी सोनं वाटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "वर्षभर तुमचे नखरे सोसतंय, एक दिवस बसू दे ना त्याला," उस्ताद म्हणायचे. पण भरती परवावर आली होती आणि मला असल्या गोष्टींचा राग यायचा. दुपारी सगळे श्रीखंडपुरी खाऊन आडवे झाल्यावर मी कडी काढून आत शिरलो. रोजच्यापेक्षा दोन प्लेटा जास्त चढवल्या. हार मात्र काढले नाहीत. देवाला वाहिलेला हार ओढायला हात धजेना. मशीन वापरायला तेवढा धजला.

सहा वेळा दांडा वर गेला. सातव्यांदा खाली आला तो छातीवरच बसला. डावीकडच्या खाचेत झेंडू चेंगरून अडकला होता. साधा दांडा असता तर एका अंगाला कलंडवून प्लेटा पाडल्या असत्या. हा कलंडतच नव्हता. ओरडायला श्वास लागतो, तो आत येईना. मला मरणाची भीती वाटली. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

उस्ताद आपट्याची पानं ठेवायला लवकर आले म्हणून वाचलो. त्यांनी आधी हिसका देऊन दांडा वर सरकवला, मला बाहेर ओढलं, मग खाचेतला झेंडू बोटाने कोरून काढला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"खोल श्वास घे बघू," ते म्हणाले.

अर्ध्यावरच बरगडीत कळ आली.  उस्तादांनी एकही शिवी दिली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

भरतीच्या सकाळी हवालदाराने टेप छातीभोवती फिरवली. सूज होती, त्यामुळे साधी छाती बरोबर भरली. मला हसूही आलं.

"फुगव."

मी सगळा जीव एकवटून श्वास ओढला. टेप जागची हलली नाही.

"पुढचा," तो म्हणाला.