भावडबारीतलं मोहोळ

माशी हेल्मेटच्या आत शिरली होती आणि डाव्या गालावरून चालत होती. बाहेर हजारो असतील, त्यामुळे हेल्मेट काढायची सोय नव्हती. मी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत पालथी पडले होते. अंगावर माझीच गोधडी होती आणि गोधडीखाली शेजारी एक अनोळखी म्हातारा होता. वरून असा आवाज येत होता, जसा पिठाच्या गिरणीत जात्याला कान लावल्यावर येईल.

"हलू नका," मी म्हणाले.

"जीव गुदमरस, माय." (जीव गुदमरतोय.)

"गुदमरू द्या. तो हात आत घ्या आधी."

त्यांनी हात आत घेतला. त्याबरोबर दोन माश्या आत आल्या. त्या त्यांनाच डसल्या. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुन्ही गोधडीले मसालाना वास येस."

"डबे देते मी लोकांना. अत्तराचा कुठून येणार?"

ते हसले असावेत, कारण गोधडी हलली. मग त्यांचं बोलणं थांबलं. गालावरची माशी शेवटी डसली. मला बरंच वाटलं. नुसतं चालत राहते त्याचाच जास्त त्रास होतो.

मी देवळाली कॅम्पात राहते. शाळा चौथीपर्यंत. बाजाराच्या मागे माझी खोली आहे. तिथून जेवणाचे डबे करून मोपेडवरून पोहोचवत आले, सुना आल्या तरी सोडलं नाही. गेली कित्येक वर्षं मिरची एकाच दुकानातून घेते. दुकानदार दर वेळी सांगतो, "मावशी, अस्सल नंदुरबारची." एकदा मी विचारलं, "तू पाहिलंस का नंदुरबार?" तो म्हणाला, "मी कशाला पाहू? मिरची येते ना इथं." तेव्हा ठरवलं, आपण पाहायचं. ज्या मिरचीवर घर चाललं ती कुठे वाळते, कोण वाळवतं, तिथली माणसं ती खातात तरी का, हे कळलं पाहिजे.

मुलगा म्हणाला, "आई, मी कार करून देतो, मागे आरामात बस."

"मागे बसून मला काय दिसेल? ड्रायव्हरचं टक्कल."

होळी झाली आणि निघाले. कॅरियरला गोधडी बांधली. पुढे पाय ठेवायच्या जागी एरवी डब्यांची क्रेट असते, तिथे पिशवी ठेवली. तिच्यात भाकरी, लसणाची चटणी, पाण्याची बाटली, एक लुगडं. क्रेट बांधायचा रबरी पट्टा सोबत घेतला. तो कुठेही कामाला येतो.

आग्रा रोडवर मोपेड म्हणजे हत्तींच्या रांगेत शेळी. ट्रक शेजारून गेला की हवेने गाडी एकदा बाहेर ढकलली जाते आणि एकदा आत ओढली जाते. पिंपळगावपर्यंत मला त्याची सवय झाली. बागांमध्ये द्राक्षांची तोडणी चालू होती. चांदवडला चहा घेताना एका ट्रकवाल्याने विचारलं, "आजी, लायसन हाय का?"

"आहे. तुझं काढ आधी."

तो म्हणाला, "चहा माझ्याकडून."

चांदवडहून देवळ्याच्या रस्त्याला वळल्यावर गर्दी संपते. डोंगर जवळ येतात, बोडके आणि तपकिरी. उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होती. शेतात बायका रांगेने बसून कांद्याची पात कापत होत्या. वाऱ्याला कांद्याचाच वास. पुढे भावडबारी लागते. बारी म्हणजे डोंगरातली खिंड. तिथे वळणावर एक मोठा पिंपळ, खाली शेंदूर फासलेला म्हसोबा, आणि त्याच्यापुढे झेंडूच्या माळा घातलेला कोरा करकरीत ट्रॅक्टर उभा होता. एक माणूस रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवायला लागला.

"थांबा मावशी! नव्या ट्रॅक्टरना पेढा कोनी नाकारत नही."

त्याचं नाव भिका. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर उपरणं. ट्रॅक्टर त्याच्या मोठ्या भावाने घेतला होता, त्यांना सगळे दगानाना म्हणत. नाना म्हसोबाजवळच्या दगडावर बसून नारळाची शेंडी सोलत होते. गुडघे गेलेले, शेजारी काठी. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर, मागच्या ट्रॉलीत घरच्या बायका बसलेल्या. त्यांच्या गावची रीत अशी की नवं वाहन आधी बारीतल्या म्हसोबाला दाखवायचं. चाकाखाली लिंबू, देवाला नारळ, गोवऱ्यांवर धूप, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला पेढा. भिकाने मला पेढा दिला, आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या मोपेडच्या दिव्यावर कुंकवाचं बोटही ओढलं.

"अहो, ही जुनी आहे," मी म्हणाले.

"वाहन ते वाहन. म्हसोबा वय इचारत नही."

मला पेढा खाताना वर बघायची सवय नाही, पण धूर कुठे जातो म्हणून पाहिलं. पिंपळाच्या फांद्यांना आग्या माश्यांची पोळी लोंबत होती. सुपाएवढी, काळी. त्यांच्यावरून पाण्यासारखी लाट फिरत होती.

"वर मोहोळ आहे," मी म्हणाले.

"ते म्हसोबानं शे," भिका म्हणाला. "दर साल ऱ्हास. गावना माणूसले त्या काहीच करत नहीत. वळखतस." (दरवर्षी असतं. गावच्या माणसाला काही करत नाहीत. ओळखतात.)

"मला ओळखतात का?"

"पेढा खाधा ना? मंग वळखतीन."

हे सगळे हसत होते आणि मीही हसले. धुरापर्यंत त्यांचं म्हणणं खरंही असेल; धूर दर वर्षी होत होता. या वर्षी भिकाने हौसेने फटाक्यांची लड आणली होती. ती त्याने पिंपळाच्या बुंध्याशी लावली.

मोहोळ खाली पडलं असं मला वाटलं. पडलं नव्हतं, उठलं होतं. ट्रॉलीतल्या बायका किंचाळल्या. मुलाने ट्रॅक्टर तसाच दामटला, बायकांना घेऊन उतारावरून निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ट्रॉलीत लेकुरवाळ्या होत्या. भिका उपरणं फिरवत, "पळा, पळा!" ओरडत रस्त्याने धावत सुटला. चांगला धावत होता. माश्यांची एक झुंड त्याच्यामागे दोरीसारखी गेली.

मी किक मारली होती. मी निघालेच होते. पण नाना काठी घेऊन दोन पावलं आले आणि माझ्या मोपेडवर पडले. मोपेड पडली, मी पडले. ते म्हणाले, "माले पयता येत नही." (मला पळता येत नाही.) मला माया वगैरे काही आली नाही. हाताशी गोधडी होती आणि चारी जवळ होती. मी कॅरियरची गाठ ओढली, त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना चारीत लोटलं आणि वरून पडले.

आवाज कमी झाला तेव्हा मी गोधडीचं टोक वर केलं. धुपाचं खापर पालथं झालं होतं. एकेक माशी अजून फिरत होती. नानांचं तोंड भोपळ्यासारखं फुगलं होतं, ओठ निळे, श्वासाला शिटीसारखा आवाज. रस्त्यावर कोणी नव्हतं. मोपेड उचलली. थोडं पेट्रोल सांडलं होतं, पण चालू झाली. नानांना मागे बसवलं, गोधडी दोघांभोवती घेतली आणि रबरी पट्ट्याने त्यांना माझ्या पाठीशी आवळून बांधलं. डब्यांची क्रेट जड असते, पण क्रेट एका बाजूला कलत नाही. हे कलत होते.

"नाना, बोलत राहा."

मी पाठीने त्यांना ढुसणी दिली.

"नाना, ट्रॅक्टरचा रंग कुठला?"

"लाल," ते माझ्या मानेत म्हणाले.

"बैल विकले का?"

"नही. बैल ऱ्हातीन." मग, "भिका पयना का?"

"पळाला. चांगला पळाला."

"पयनारच," ते म्हणाले. "शाळामा पहिला ये." (शाळेत पहिला यायचा.)

देवळ्यातल्या दवाखान्यात त्यांना सोडवून घ्यायला तीन माणसं लागली, पट्टा इतका आवळला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना लगेच सुई दिली, नळ्या लावल्या. मलाही सुई दिली. एका नर्सने माझ्या मानेतले काटे उपटता उपटता विचारलं, "तुमचे कोण लागतात?"

"कोणी नाही. गोधडीखाली भेटले."

नानांना अॅम्ब्युलन्सने नाशिकला हलवलं, माझी गोधडी त्यांच्या अंगावरच गेली. जातील की राहतील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही. भिकाचं विचारायला समोर त्यांच्या घरचं कोणी नव्हतं. त्यांचं गाव कुठलं तेवढं नर्सकडून विचारून घेतलं.

सकाळी मला सोडलं. घर जवळ होतं, नंदुरबार लांब. पण मिरची बघायची राहिली होती, आणि घरी जाऊन मी नानांसाठी काय करणार होते? मी पुढे निघाले.

नामपूरला जरीनाबी राहते. पूर्वी कॅम्पात माझ्या शेजारी होती. तिच्या नवऱ्याचा कांदा मार्केटजवळ बारदानाचा, म्हणजे गोणपाटाचा धंदा आहे. तिने दार उघडलं आणि किंचाळली.

"या अल्ला! कोणी मारलं गं तुला?"

"देवाच्या माश्यांनी."

"आता या वयात देवाशी भांडण काढलंस?"

तिने माझ्या गालावर कांदा चोळला. त्याने काही झालं नाही, फक्त डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हणाली, "रड, बरं वाटेल." मी म्हणाले, "कांद्याने येतंय." तिने मटण केलं होतं. फुगलेल्या तोंडाने घास आत जात नव्हता तरी खाल्लं, कारण जरीनाचं मटण रोज मिळत नाही.

साक्रीच्या पुढे जमीन मोकळी होते. आभाळ फार मोठं दिसतं. मोपेडचा आवाज त्यात कुठे जातो कळत नाही. रस्त्यात एक गुराखी शेळ्यांसह भेटला, त्याने माझ्या तोंडाकडे बघून वाट सोडली. शेळ्यांनी सोडली नाही.

नंदुरबारजवळ आधी खोकला आला, मग मिरची दिसली. मोठाल्या उघड्या जमिनी लाल. याला पथारी म्हणतात, म्हणजे मिरची वाळत घालायची जागा. एवढा लाल रंग मी कधी एकत्र पाहिला नव्हता. बायका तोंडाला फडकी बांधून मिरच्या उलथत होत्या, काही बसून देठ खुडत होत्या. मी एकीजवळ बसले आणि देठ खुडायला लागले, म्हणजे ती बोलेल.

"तुमचं थोबाड मिरचीनं सुजलं का?" तिने विचारलं.

"माश्यांनी."

"मग ठीक. मला वाटलं आमच्यावर नाव येईल." तिने माझ्या हाताला लावायला तेल दिलं. "कुठून आलात?"

"देवळाली. मिरची बघायला."

तिने दुसरीला हाक मारून सांगितलं, आणि दोघी फडक्याआड हसल्या. मी विचारलं, "घरी हीच खाता?"

"छ्या. दिवसभर नाकातून खाऊन होते. घरी हिरवी करतो, नाहीतर नुसतं मीठ."

मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. मूठभर मिरची तिने माझ्या पदरात घातली. दुकानदाराला दाखवायला मी ती जपून ठेवली. त्याच्या मिरचीपेक्षा ही जास्त तेलकट होती. तो काय विकतो ते आता मी त्याला विचारणार आहे.

परतताना मी देवळा ओलांडून नानांच्या गावाकडे वळले. मोपेडच्या दिव्यावर भिकाने लावलेलं कुंकू तसंच होतं. मी पुसलं नव्हतं. विसरले होते. मळ्यात लाल ट्रॅक्टर माळांसकट उभा होता. झेंडू वाळून काळा पडला होता. ओट्यावर बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. नानांचा मुलगा पुढे आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

मला वाटलं, नाना गेले. ते चारीत गप्प झाले तेव्हापासून मी तेवढ्याचाच हिशोब करत आले होते.

मुलगा म्हणाला, "आत चला, मावशी. नाना तुमचीच वाट पाहतात."

नाना खाटेवर बसले होते. तोंडाची सूज उतरली होती. आता कळलं की त्यांचं नाक लांब आहे. त्यांचंही डोकं भादरलेलं होतं. पायथ्याशी माझी गोधडी धुवून, घडी घालून ठेवलेली.

"मसालाना वास ग्या," ते म्हणाले.

"येईल परत."

मग त्यांनी सांगितलं. भिका रस्त्याने पळत गेला होता, थेट वळणाच्या पलीकडच्या विहिरीपर्यंत. माश्या पूर्ण वाटभर त्याच्यासोबत होत्या. विहिरीच्या काठावर तो सापडला. ट्रॉलीतल्या बायका-पोरांना थोडंच डसलं.

मी गोधडी कॅरियरला बांधली आणि घरी आले. दगानाना वाचले, मी वाचले. भिका वाचला नाही.